चिनी मालिका वणीपर्यंत पोहोचते, मग कलाकार का पोहोचत नाही? समजून घ्या

वणी, जिल्हा यवतमाळ. सप्तशृंगी गडाजवळची नाशिककडची वणी नव्हे. ही कापसाची, वेकोलिच्या कोळसा खाणींची, लोकनायक बापूजी अणे यांचं जन्मगाव असलेली विदर्भातली वणी. इथून चीनच्या झेजियांग प्रांतातलं हंगडियन हजारो किलोमीटर दूर आहे. तिथे राजवाडे, बाजारपेठा आणि किल्ल्यांचे भलेमोठे कायमस्वरूपी सेट आहेत आणि चीनमधल्या असंख्य ऐतिहासिक मालिका तिथेच चित्रित होतात.

आज ही मालिका वणीतल्या कुणाच्याही मोबाइलवर येऊ शकते, तीही अनेकदा हिंदीत. त्यातला नायक आवडला, की पुढचं सगळं ओळीनं येतं. वॉलपेपर बदलतो, इन्स्टाग्रामवर फॅन पेज फॉलो होतं, रात्री उशिरापर्यंत क्लिप पाहिल्या जातात आणि घरात प्रश्न येतो, "हा कोण नवीन? कोरियन आहे का?"

कोरियन कलाकारांचं चाहतेपण आता भारतात रुळलं आहे. चिनी कलाकाराचा चाहता असणं मात्र अजूनही अवघड आहे. मालिका मिळते, पण कलाकार स्वतः काय बोलतो, काय लिहितो, त्याच्या बाबतीत खरं काय घडतं, हे भारतीय चाहत्यापर्यंत जवळपास नेहमी तिसऱ्याच कुणामार्फत येतं. असं का होतं आणि त्यानं काय बिघडतं?

या मालिका इतक्या आवडतात का?

पहिलं कारण म्हणजे त्या संपतात. आपल्याकडची संध्याकाळची मालिका वर्षानुवर्षं चालू शकते. चीनच्या नियामक संस्थेनं मात्र २०२० मध्ये मालिका ४० भागांपेक्षा लांबवू नये, अशी सूचना काढली. गोष्टीला सुरुवात असते, तसा शेवटही असतो.

दुसरं कारण म्हणजे त्या घरात सगळ्यांसमोर पाहता येतात. चीनमधल्या सेन्सॉरच्या कडक नियमांमुळे उघडी दृश्यं जवळपास नसतातच. 'हिडन लव्ह' (२०२३) सारखी प्रेमकथाही संथ आणि सोज्वळ असते.

तिसरं कारण आपल्या जवळचं आहे. 'शियानशिया' या प्रकारच्या मालिकांत देव, शाप, तपश्चर्या आणि पुनर्जन्म असतो. पौराणिक मालिकांवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला एका जन्मातलं प्रेम दुसऱ्या जन्मात पूर्ण होणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चिनी ॲप्सवर बंदी आहे ना? मग या मालिका दिसतात कशा?

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यातल्या संघर्षात २० भारतीय जवान शहीद झाले. त्यानंतर २९ जूनला केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक आणि वीचॅटबरोबर वेबो हे चीनमधलं मोठं सोशल मीडिया ॲपही होतं. २४ नोव्हेंबर २०२० रोजी आणखी ४३ ॲप्स बंद झाली. त्यात अलीएक्स्प्रेस होतं, तसंच चिनी मालिका दाखवणारी वीटीव्ही आणि मँगोटीव्हीही होती.

ही बंदी ॲप्सवर आहे, मालिकांवर नाही. 'मेटिओर गार्डन' (२०१८) आणि 'द अनटेम्ड' (२०१९) या मालिका भारतात नेटफ्लिक्सवर आल्या. एमएक्स प्लेअरनं हिंदी डब केलेल्या परदेशी मालिकांचा वेगळा विभागच सुरू केला. यूट्यूबवरही चिनी कंपन्यांच्या अधिकृत वाहिन्या आहेत. थोडक्यात, चिनी मालिका पाहणं बेकायदा नाही.

मग अडचण कुठे आहे?

बंदीनं मालिकेची वाट अडली नाही, पण कलाकाराकडे जाण्याची वाट अडली. चिनी कलाकार रोजचं जे काही सांगतो, ते प्रामुख्यानं वेबोवर. शाहरुख किंवा एखादा कोरियन गायक इन्स्टाग्रामवर थेट दिसतो, तसं इथे होत नाही. चीनमध्ये इन्स्टाग्रामच बंद आहे आणि भारतात वेबो. दोन्ही बाजूंनी दार लागलेलं आहे.

त्यामुळे कलाकाराची पोस्ट आधी कुणीतरी वेबोवर वाचतं, इंग्रजीत आणतं, त्याचा स्क्रीनशॉट इन्स्टाग्राम किंवा एक्सवर टाकतं आणि तिथून ती हिंदी-मराठी फॅन पेजवर येते. हे काम करणारे बहुतेक जण चाहतेच असतात, पैसे न घेता मनापासून करतात. पण मूळ मजकूर तपासण्याची सोय वाचणाऱ्याकडे नसते.

भाषेतही असंच होतं. एकाच गुरूकडे शिकणारा ज्येष्ठ शिष्य म्हणजे चिनीत 'शिशोंग'. इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचा 'सीनियर ब्रदर' होतो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, गुरुबंधू. पण भाषांतर चिनीतून थेट मराठीत होतच नसल्यानं तो वापरला जात नाही. 'गेगे' म्हणजे दादा. तो सख्ख्या भावालाही म्हणतात आणि आवडत्या तरुणालाही. इंग्रजीत तो नुसता 'ब्रदर' झाला, की प्रेक्षक गोंधळतो.

आवाजाचीही एक गंमत आहे. चीनमध्ये, विशेषतः ऐतिहासिक मालिकांत, नायक-नायिकेचे संवाद अनेकदा व्यावसायिक डबिंग कलाकार बोलतात. 'द अनटेम्ड'मधल्या शाओ झान आणि वांग यीबो या दोन्ही नायकांचे आवाज दुसऱ्यांचे आहेत. म्हणजे मूळ चिनी आवृत्ती पाहिली तरी ऐकू येणारा आवाज आवडत्या कलाकाराचा असेलच असं नाही.

यानं खरंच काही बिघडतं का?

एरवी फारसं नाही. पण काही वाईट घडलं, की हीच साखळी धोक्याची होते. ११ सप्टेंबर २०२५ रोजी अभिनेता यू मंगलोंग याचा बीजिंगमध्ये इमारतीवरून पडून मृत्यू झाला. तो ३७ वर्षांचा होता. 'इटर्नल लव्ह' (२०१७) मुळे तो चीनबाहेरही ओळखीचा झाला होता. दारू प्यायल्यानंतर तो अपघातानं पडला आणि यात गुन्हा आढळला नाही, असं बीजिंग पोलिसांनी जाहीर केलं. अफवा पसरवल्याबद्दल तिघांवर कारवाई केल्याचंही सांगितलं.

अनेक चाहत्यांना हे पटलं नाही. चीनमधल्या सोशल मीडियावरून या विषयावरच्या पोस्ट हटवल्या जाऊ लागल्या, तसा संशय वाढला. चर्चा चीनबाहेर गेली, ऑनलाइन याचिका सुरू झाल्या आणि जगभरातल्या चाहत्यांनी सह्या केल्या.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जिथे पोस्ट हटवल्या जातात, तिथे प्रश्न विचारणं चुकीचं नाही. पण त्याच काळात कुठून आली हे न कळणारी रेकॉर्डिंग आणि एआयनं बनवलेली चित्रंही 'पुरावा' म्हणून फिरली, आणि आरोप सिद्ध न झालेल्या माणसांची नावं घेतली गेली. चीनमध्ये माहिती दाबली गेली, म्हणून चीनबाहेर आलेली प्रत्येक गोष्ट खरी ठरत नाही. दूरच्या चाहत्याचं दुःख खरं असतं, पण त्याच्या हातातली माहिती तितकी पक्की नसते.

चीनमध्ये चाहता असणं म्हणजे काय?

तिथे चाहतेपण हा मोठा व्यवसाय आहे. आवडत्या कलाकाराचं नाव यादीत वर राहावं म्हणून रोज पोस्ट करणं, मतं देणं, तो जाहिरात करतो ती वस्तू ढिगानं विकत घेणं, हे सगळं संघटितपणे चालतं. अशा चाहत्यांना तिथे 'डेटा कामगार' या अर्थाचा शब्दच रूढ झाला.

मे २०२१ मध्ये हे टोकाला गेलं. 'यूथ विथ यू' या कार्यक्रमात मत देण्यासाठी दुधाच्या बाटलीच्या झाकणातला कोड लागायचा. कोड काढून घेऊन दूध गटारात ओततानाचा व्हिडिओ पसरला आणि अंतिम भाग रद्द करावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनच्या सायबर प्रशासनानं कलाकारांच्या क्रमवारीच्या याद्या बंद केल्या आणि अल्पवयीन चाहत्यांकडून पैसे खर्च करून घेण्यावर बंदी आणली.

भारतीय चाहता या यंत्रणेच्या बाहेर आहे. पण तिची भाषा त्याच्यापर्यंत येते. 'खरा चाहता असशील तर खरेदी कर', 'आपल्या हिरोसाठी वर्गणी दे', 'त्या दुसऱ्या नटाच्या पेजला रिपोर्ट कर', अशा पोस्ट त्यातूनच येतात.

चिनी कलाकार आवडणं देशाविरुद्ध आहे का?

गलवाननंतर हा टोमणा अनेकांनी ऐकला. सीमेवरचा वाद खरा आहे आणि तो विसरायचं कारण नाही. पण कलाकार म्हणजे सरकार नव्हे. २०१७ मध्ये 'दंगल' चीनमध्ये सुमारे १३० कोटी युआन कमावून गेला. डोकलामचा तणाव सुरू झाला तोही त्याच वर्षी, जूनमध्ये. आमिर खानवर प्रेम करणारे चिनी प्रेक्षक त्यामुळे चीनचे विरोधक ठरले नाहीत. आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना चीन अजूनही आदरानं स्मरतो. १९६२ च्या युद्धानंही ती आठवण पुसली नाही.

मग वणीतल्या चाहत्यानं काय करावं?

अधिकृत ठिकाणी मालिका असेल तर तिथेच पाहावी. व्हीपीएन वापरणं भारतात सरसकट गुन्हा नाही, पण फुकट व्हीपीएन आणि टेलिग्रामवर मिळणारी एपीके फाइल यांतून मोबाइलमधली बँकेची माहिती चोरीला जाऊ शकते. मालिकेचे चार भाग त्या मोलाचे नाहीत.

फोटोकार्ड, पोस्टर किंवा 'फॅन मीटचं तिकीट' यासाठी अनोळखी खात्यावर यूपीआयनं आगाऊ पैसे पाठवू नयेत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवावं. जितका उशीर होतो, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होते.

कलाकाराविषयी धक्कादायक बातमी आली, तर पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारावा, हे मुळात कुणी सांगितलं? मूळ पोस्टची तारीख आणि दुवा नसेल, तर ती बातमी नव्हे, ऐकीव गोष्ट आहे.

ही परिस्थिती लवकर बदलेल का? २६ ऑक्टोबर २०२५ पासून भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. पण ॲप्सची बंदी तशीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टिकटॉकचं संकेतस्थळ काहींना दिसू लागलं, तेव्हा बंदी उठवलेली नाही, असं सरकारनं स्पष्ट केलं होतं. विमानं सुरू झाली असली, तरी वणीतल्या चाहत्याला आपल्या आवडत्या कलाकाराची पोस्ट अजून दुसऱ्याच्याच स्क्रीनशॉटमधून वाचावी लागते.