भांड्यांचं यंत्र रुसतं तेव्हा

मैत्रिणींनो, महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे आमच्या मराठवाड्यात काय असतं ते वेगळं सांगायला नको. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, पंचामृत आणि पंगतीला पंचवीस-तीस माणसं. गेल्या वर्षी नेमकं त्याच दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला आमचं डिशवॉशर मध्येच थांबलं. दार उघडून पाहते तो तळाशी घाण पाणी साचलेलं आणि वर तेलकट ताटं तशीच उभी! दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं यंत्र न बघताच निदान केलं, "मॅडम, पंप गेला. पाच-साडेपाच हजार लागतील, आणि पार्ट यायला आठ दिवस." हे काही बोलले नाहीत. सासूबाई मात्र बोलल्या, "भांडी घासायला यंत्र आणलं. आता यंत्रच घासत बसा."

मला लागलं ते. कारण ही काही हौसेनं आणलेली वस्तू नव्हती. शाळेत खडू आणि घरी साबण, त्यामुळे माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडून रक्त यायचं. डॉक्टरांनी साबणाच्या पाण्यात हात घालायचाच नाही म्हणून सांगितलं होतं. त्यात आमच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. माझ्या अर्धवेळ नोकरीच्या पगारातून हप्ते जात होते, आणि अजून सात बाकी होते.

रात्री सगळे निजल्यावर बटण बंद केलं, प्लग काढला आणि पुस्तिका घेऊन यंत्रासमोर बसले. खालची जाळी बाहेर काढली. पाणी वाटीनं उपसून कापडानं टिपून घेतलं. तळाला जे गोल गाळणं असतं ते फिरवलं की हातात येतं. त्यात कढीपत्ता, मोहरी आणि पुरणाचा चिकट लगदा होता. नळाखाली जुन्या दातांच्या ब्रशनं ते स्वच्छ केलं. पण पाणी गाळण्यापुरतं अडलं नव्हतं. गाळण्याच्या खालच्या खळग्यात पंपावर एक लहान प्लास्टिकची टोपी असते. आमच्या यंत्रात ती चमच्यानं उचकटून निघते. तुमच्या पुस्तिकेत असं लिहिलं नसेल तर जोर करू नका. तिथं बोट घालायचं नाही, चमच्याच्या दांड्यानंच चाचपायचं, कारण फुटक्या काचेचा तुकडाही असू शकतो. टोपी काढली तर पंपाच्या चाकात काय अडकलं असेल? पंचामृतातला चिंचोका! तो काढला, चाक दांड्यानं फिरवून पाहिलं, सगळं परत बसवलं. यंत्र गुरगुरलं आणि पाणी गेलं.

म्हणून माझं सांगणं, पाणी उपसत नाही म्हटलं की लगेच पंप गेला असं समजू नका. आधी गाळणं पाहा, मग चाक, मग मागची सांडपाण्याची नळी. ओट्याखाली डबे कोंबताना ती नळी हमखास दुमडते. गाळणं आठवड्यातून एकदा धुवावंच. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकाला त्याहून जास्त सवड देऊन चालत नाही.

आता दुसरी तक्रार, आणि पत्रांमध्ये सगळ्यात जास्त हीच येते. "काचेचे पेले पांढुरके होतात, स्टीलवर भुकटी बसते." नांदेडच्या एका मैत्रिणीनं तर पावडर दुप्पट करून पाहिली. बाई गं, पावडरीचा दोष नाही, पाण्याचा आहे. आमच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून घरोघरी बोअरवर किती भिस्त आहे ते आम्ही जाणतो. बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी खपली धरते. तेच क्षार यंत्रात भांड्यांवर बसतात.

यावर उपाय यंत्राच्या पोटातच असतो. तिथं राळेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो. ते मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात. त्यांची ताकद संपली की मिठाचं पाणी त्यांना धुऊन पुन्हा ताजं करतं. म्हणजे मीठ भांड्यांसाठी नाही, मण्यांसाठी आहे. ते जाड, डिशवॉशरचंच मीठ हवं. खाण्याचं बारीक मीठ घालू नका, त्याचा गोळा होतो आणि त्यात मिसळलेले पदार्थ मण्यांना बाधतात. मीठ भरताना बाहेर सांडतंच, म्हणून भरल्या भरल्या एक फेरी लावावी, नाहीतर स्टीललाही गंज धरतो. आणि मीठ घातलं की झालं, असंही नाही. पाणी किती जड आहे ते यंत्राला बटणांनी सांगून ठेवावं लागतं. बसवायला आलेला माणूस घाईत ते करत नाही. आमच्याकडेही केलं नव्हतं, वर्षभर मी उगाच पावडर बदलत होते! पाणी तपासायची पट्टी बहुधा यंत्राबरोबर येते, ती शोधा. फिल्टरवाला सांगतो तो टीडीएसचा आकडा म्हणजे पाण्याचा जडपणा नव्हे.

पांढरा झालेला पेला वाचेल का, हे कसं ओळखायचं? व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवा. पांढरेपणा गेला तर ते क्षार होते. नाही गेला तर काचच झिजली, तिला इलाज नाही. सासूबाईंच्या लग्नातल्या सहा पेल्यांपैकी चार सुधारले. दोन तसेच राहिले, आणि ते कुणी ठेवले यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

हिंदालियमची कढई काळी पडली, असंही पुष्कळजणी लिहितात. पडणारच. डिशवॉशरची पावडर क्षारयुक्त आणि पाणी कढत, त्यात ॲल्युमिनियम टिकत नाही. चिंचेच्या पाण्यात उकळलं की काळेपणा बराच उतरतो, पण ते पाणी फेकून द्यायचं. पितळ, तांबं, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, यांतलं काहीच आत घालू नये. अमेरिकेत जोसेफीन कॉक्रन नावाच्या बाईनं १८८६ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं, ते चिनीमातीच्या बशा डोळ्यांपुढे ठेवून. आपलं खोलगट पातेलं तिच्या स्वप्नातही नसेल. म्हणून कढया-पातेली तोंड खाली करून, थोडी तिरपी ठेवावीत, आणि वाटीत वाटी बसू देऊ नये. दार लावण्याआधी पाणी फवारणारा पंखा हातानं फिरवून पाहा. झाऱ्याचा दांडा आडवा आला तर पंखा फिरणारच नाही आणि दोन-तीन तासांनी भांडी तशीच निघतील. त्या पंख्याच्या भोकांत जिरं आणि लिंबाच्या बिया अडकतात, त्या टाचणीनं काढाव्यात.

पाणीच येत नसेल तर आधी नळ, मग नळीच्या तोंडाची बारीक जाळी पाहा. टाकीतला गाळ तिथं साचतो. गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर असेल, म्हणजे तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल, तर दाब कमी पडतो. काही यंत्रांना अर्धा बार दाब लागतो, म्हणजे नळापासून टाकी साधारण पाच मीटर उंच हवी. दुरुस्तीवाला कितीदाही आला तरी ही उंची काही वाढणार नाही. त्यासाठी लहान पंप लावावा लागतो.

आमच्या जाऊबाईंनी एकदा पावडर संपली म्हणून भांड्यांचं साधं लिक्विड घातलं. फेस दारातून बाहेर आला आणि यंत्र बंद! असा फेस तळाच्या ताटलीत उतरतो, आणि तिथलं गळती ओळखणारं बटण सगळं थांबवतं. ते सुकवायला मात्र माणूसच बोलवावा लागला. दारातून पाणी गळत असेल, शॉक लागत असेल किंवा यंत्र लावलं की घरातलं स्विच पडत असेल, तरी स्वतः हात घालू नका. पाणी तापवायला हे यंत्र दोनएक हजार वॉटपर्यंत वीज ओढतं. त्याला सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लगच हवा. मिक्सरच्या प्लगवर ते चालवू नये.

दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी आला. मी चिंचोका एका वाटीत घालून ठेवला होता, तो त्याच्यापुढे ठेवला. त्यानं फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतले. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या काहीच नाही. पण यंदा पंचामृताची चिंच त्यांनी स्वतः दोनदा गाळली.