मोबाईल आधी कोणाच्या हातात?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा क्यूआर कोडची चर्चा खूप झाली. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. मला कोडपेक्षा तेच मोठे वाटते.

मानवतसारख्या कापसाच्या गावात घरातला एकच मोबाईल सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी परत आला की आधी भावाच्या हाती. मुलीची पाळी येईपर्यंत नेटपॅक संपलेला! म्हणून वर्गातला टॅब तरी आधी मुलीकडे द्या, असे माझे म्हणणे आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांचे मराठी अडते, कारण घरी-मोहल्ल्यात ते कानावर फारसे पडत नाही. बालभारतीच्या मराठी पुस्तकातला कोड स्कॅन करायचा, गटाला धडा ऐकवायचा, प्रश्न विचारायचे. हे काम दर आठवड्याला नव्या गटप्रमुखाने करावे. वर्षभर एकच मॉनिटर नको. आपण नेमका चुणचुणीत मुलगाच निवडतो, कारण साहेब आले की तो पटापट उत्तरे देतो. लाजरी मुलगी पहिल्या आठवड्यात अडखळेल, वर्गात गोंधळ होईल. होऊ द्या. आपण मागे बसून ऐकायचे, मध्येच टॅब काढून घ्यायचा नाही.