कंबर कोणत्या रकान्यात धरायची?

देवळी तालुक्यातल्या एका गावात मध्यंतरी आमची बैठक झाली. विषय कापसाच्या भावाचा. दोन तास चांगली चर्चा झाली, घोषणा झाल्या, ठराव झाला आणि मग सतरंजीवरून उठायची वेळ आली. तेव्हा आम्ही जे पाहिले, त्यावरून हा लेख लिहीत आहोत. चाळीस-पन्नास शेतकरी बसले होते. त्यातल्या निम्म्यांना तरी एका झटक्यात उठता आले नाही. कुणी शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेतला, कुणी आधी गुडघ्यावर आला, मग हात टेकून कसाबसा उभा राहिला. कुणी भिंत धरली. बहुतेक जण पन्नाशीच्या आतले. दिल्ली हलवून सोडू म्हणणाऱ्यांना सतरंजीवरून हलताना 'आई गं' म्हणावे लागत होते. खोटे कशाला बोलावे, आम्हीही टेबलाचा पाय धरूनच उठलो.

चहाच्या वेळी आम्ही सहज म्हणालो, रोज सकाळी पाच-दहा सूर्यनमस्कार घालायला काय हरकत आहे? एका भावाने ताडकन उत्तर दिले, "भाऊ, दिवसभर डवऱ्यामागं चालणाऱ्याले कायची आसनं सांगता? योग त बसून खाणाऱ्यायसाठी राह्यते." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "भाव मागतला का सरकार योग सांगते. आता तुमीबी तेच सांगाले लागले?"

दुसऱ्याचे बोलणे आम्हाला लागले, कारण त्यात तथ्य आहे. ६ जून २०१७ रोजी मध्य प्रदेशात मंदसौरला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्याच आठवड्यात तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री बिहारमध्ये योगाच्या शिबिरात होते. पत्रकारांनी शेतकऱ्यांबद्दल विचारले तर 'योग करा' असे उत्तर मिळाले. ज्याने हे ऐकले आहे, त्याला २१ जूनला सरकारी चटईवर झोपवून हात-पाय वर करायला सांगितले तर त्याच्या डोक्यात तिडीक जाणारच. पेरणीच्या ऐन धांदलीत हा दिवस येतो, ते वेगळेच.

पण मंत्री चुकीच्या वेळी बोलला म्हणून सूर्यनमस्कार वाईट ठरत नाही. भावाचा प्रश्न आसनाने सुटत नाही आणि कंबरेचा प्रश्न भावाने सुटत नाही. कापसाला उद्या दहा हजार भाव मिळाला तरी अखडलेली कंबर अखडलेलीच राहणार.

आता पहिल्या भावाचे म्हणणे घेऊ. राबणाऱ्याला व्यायाम कशाला?

आम्ही अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकलो. तिथे पिकाला काय लागते ते शिकलो, ट्रॅक्टरची देखभाल शिकलो, जनावरांचे शिकलो. पीक काढणाऱ्या माणसाच्या पाठीबद्दल चार वर्षांत एकही तास झाला नाही. पुढे चाळिशीत तुरीचे पोते बंडीवर चढवताना आमची कंबर धरली आणि तीन आठवडे आम्ही खाटेवर होतो. एक म्हणाला नस दबली, दुसऱ्याने मालिश करणाऱ्याकडे नेले, तिसरा डाग द्यायला निघाला होता. शेवटी गुण आला तो हळूहळू चालण्याने आणि पोटावर झोपून छाती उचलण्याच्या साध्या व्यायामाने. म्हणजे आपले जुने भुजंगासन. तेव्हापासून या विषयात लक्ष घातले.

शेतीच्या कामाने ताकद येते, यात शंका नाही. पण ती एकतर्फी येते. वर्षभराची कामे डोळ्यांसमोर आणा. डवरणीत रुमण्यावर दाब देत पुढे झुकून चालायचे. खत पेरायचे वाकून. पऱ्हाटी उपटायची वाकून. ज्वारी सोंगायची वाकून. फवारणीचा पंप पाठीवर, म्हणजे पंधरा लिटर पाण्याचा आणि वर पंपाचा भार, तोही पुढे झुकून. बारा महिन्यांत पाठ मागे वळवायला लागते असे एकही काम शेतात नाही. आभाळाकडे पाहतो तेव्हा मान वर होते, पाऊस लांबला की जास्त वेळ, एवढेच.

यातून काय होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. माणसाने वाकायचे असते ते खुब्यातून. तिथे निसर्गाने मोठी बिजागरी दिली आहे. पण मांडीमागचे स्नायू ताठ झाले की ही बिजागरी पुरती फिरत नाही. मग खुब्याचे काम कमरेचे मणके करू लागतात. मणक्यांमधल्या गाद्यांवर भार येतो, पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहून थकतात आणि एके दिवशी जड पोत्याने नव्हे, तर साधी बादली उचलताना कंबर धरते. लोक म्हणतात बादलीने धरली. बादली निमित्त असते.

आपल्या बापजाद्यांना हा त्रास नव्हता असे नाही, पण ते उकिडवे बसत. जेवायला मांडी घालून, गप्पा मारायला उकिडवे, वावरात जायला पायी. आता वावरात जायला मोटारसायकल, चौकात खुर्ची, नांगरटीला ट्रॅक्टरची गादी. कष्ट कमी झाले ते चांगलेच झाले, आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. पण सांध्यांना जो फिरण्याचा सराव होता तो गेला आणि वाकायची कामे मात्र राहिली. घरी करून पाहा. टाचा जमिनीला टेकवून दोन मिनिटे उकिडवे बसा. टाचा उचलल्या गेल्या किंवा मागे कलंडलात, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ओली पऱ्हाटी वाकते, वाळकी कटकन मोडते, हे कापूसवाल्याला आम्ही काय सांगावे?

सूर्यनमस्कारात पाठ एकदा पुढे वाकते, एकदा मागे. मांडीमागचे स्नायू ताणले जातात, खुबे उघडतात, आणि मधल्या स्थितीत सगळ्या देहाचा भार हातांवर व पोटावर तोलावा लागतो. लवचीकपणा आणि ताकद दोन्ही एकाच फेरीत, साहित्य शून्य, जागा एका घोंगडीची. पायांची ताकद मात्र त्याने तेवढी वाढत नाही, त्याला बैठकाच हव्यात. आणि चाळिशीनंतर स्नायू आपोआप झिजू लागतात, त्यांना ताण दिला आणि खायला दिले तरच टिकतात. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण ही जोडी त्यासाठी उत्तम, एकात जे कमी ते दुसऱ्यात आहे. ज्वारी पिकवणाऱ्यांच्या घरातूनच भाकर कमी होत चालली, त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

योग म्हणजे कुठून तरी टीव्हीतून आलेली गोष्ट असे अनेकांना वाटते. वर्धा नदी ओलांडली की अमरावती. तिथले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केले. त्यांचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन मल्लखांब आणि देशी व्यायाम दाखवून आला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार नेले. आटपाडीसारखा कोरडा मुलूख त्या संस्थानात होता. राजे स्वतः म्हातारपणापर्यंत नमस्कार घालीत आणि ऐंशी पार करून गेले. जगन्नाथ गणेश गुणे हे खानदेशात, म्हणजे आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखात, अमळनेरला शिकवीत असत. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले, १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढले आणि योगक्रिया करताना पोटात नेमके काय घडते ते एक्स-रे लावून तपासले. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या त्रासात गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला होता. चमत्कार सांगण्याऐवजी मोजमाप करणारी ही परंपरा आहे आणि शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला ती जवळची वाटते.

मोजमापाचेच बोलायचे तर ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुनाट कंबरदुखीवर योगाचे प्रयोग जगभर झाले आहेत. काहीच न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांचे दुखणे थोडे कमी होते, हालचाल थोडी सुधारते. अमेरिकेतल्या वैद्यांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीला गोळ्यांआधी ज्या गोष्टी करून पाहाव्यात असे सांगितले, त्यात योगाचे नाव होते. पण शेजारच्या प्लॉटमध्ये पाठीचे दुसरे व्यायाम लावले तर दोन्हींच्या उतारात फारसा फरक दिसत नाही. म्हणून ज्याला जोर-बैठका आवडतात, त्याने पाठ मागे वळवणारी दोन आसने त्यात घालून त्याच कराव्यात. आमचे भांडण नाही.

उलट, योगाने मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळे बरे होते असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. विशेषतः फवारणीच्या बाबतीत. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. फवारून आल्यावर मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. विष प्राणायामाने उतरत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या नजरेला आली. एका शिबिरात शिकवणाऱ्या तरुणाने पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी हलासन करायला लावले. मानेत चमक भरली, पंधरा दिवस मान वळेना. शिकवणारा शहरातला, त्याला वाटले हा राबणारा गडी, याला काय होते! ताठ अंगाला एकदम वाकवायचे नसते. ज्याच्या पायात कळ उतरते किंवा मुंग्या येतात त्याने पुढे वाकायची आसने डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नयेत. रक्तदाब असेल तर डोके खाली ठेवू नये, श्वास कोंडू नये. अंतर्गळ असेल तर पोटावर जोर नको. आणि कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी सेवाग्राम गाठावे.

आपल्या कोरडवाहू शेतीत अंगाचे हालही कोरडवाहूच आहेत. उलंगवाडी झाली की फाल्गुनापासून वैशाखापर्यंत अंगाला फारसे काम नाही, पानठेल्यावर बैठक. मृग लागला की एकदम सोळा तासांचे काम. बैलालाही आपण असे एकदम जुंपत नाही. म्हणून सुरुवात करायची तर जमिनीसारखी उन्हाळ्यातच करावी. आपल्याकडचे ऊन पाहता दिवस उगवायच्या आत, रिकाम्या पोटी, तीन नमस्कारांपासून. आठवड्याला एक वाढवला तरी पेरणीपर्यंत बारा होतात. शेवटी पोटावर झोपून भुजंगासन आणि पाठीवर झोपून सेतुबंधासन, एवढे पुरे. वेळ नाही हे आम्हाला सांगू नका. खर्रा घोटायला किती वेळ लागतो ते आम्हाला माहीत आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, त्यांना तूप-हळद चोळतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची तेवढी जाणीव आपल्या रीतीत आहे. पंपाचा पट्टा वाहिलेल्या स्वतःच्या खांद्याला मात्र कुणी हात लावत नाही. घरच्या बाईच्या खांद्याचे तर बोलायलाच नको. निंदण आणि वेचणी तीच करते, आपल्यापेक्षा जास्त वाकते. हे आसनपुराण तिलाही लागू आहे आणि सकाळची दहा मिनिटे तिला मिळावीत म्हणून चूल कुणी पेटवायची, याचा विचार पुरुषांनीच करायचा आहे.

देवळीच्या त्या बैठकीत हिशेबाचा मुद्दा निघाला होता. कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा बैलजोडी धरतो, बी-खत-औषध धरतो, अवजारांचा घसारा धरतो. घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरीसुद्धा धरतो. कमी धरतो, हे आपले जुने भांडण आहे. वखर झिजतो म्हणून त्याचा घसारा मान्य आहे. तो वखर तीस वर्षे धरणाऱ्याचे मणके झिजतात, त्याचा रकानाच नाही. मघाच्याच त्या भावाने विचारले, "मंग आमची कंबर कोन्त्या खान्यात लिवता?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. हा मुद्दा आपल्या मागणीपत्रात घ्यावा, असे आमचे मत आहे आणि जिल्हा बैठकीत आम्ही तो मांडणार आहोत.

त्या बैठकीला या वेळी अर्धा तास आधी यावे. सैल कपडे घालावेत, घोंगडी किंवा चादर आणावी, पोट रिकामे असावे. गुडघे धरलेल्यांसाठी खुर्चीवर बसून करायचे प्रकार आहेत, त्यांनी लाजून मागे राहू नये. चहा नंतर मिळेल.