हवामानबदल वॉर्डात शिकवायला हवा

हवामानबदल होतो आहे, हे एमबीबीएसच्या बहुतेक विद्यार्थ्यांना नव्याने सांगावे लागणार नाही. वितळणाऱ्या हिमनद्या आणि कार्बनचे उत्सर्जन ते शाळेतच शिकून येतात. मात्र मे महिन्यात चंद्रपूरच्या ओपीडीत रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारा रुग्ण आला, तर त्या गोळीचा आणि बाहेरच्या उन्हाचा संबंध त्यांना लावता येईल का? ऊसतोड कामगाराच्या रक्तात मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन वाढलेले दिसले, तर तो किती तास उन्हात राबतो आणि किती पाणी पितो, हे विचारायला त्यांना कुणी शिकवले आहे का? या विद्यार्थ्यांकडे माहिती आहे, पण ती रुग्णापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचवणे हे वैद्यकीय शिक्षणाचे काम आहे.

हे काम जगभरच मागे पडले आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ११२ देशांतल्या २,८१७ महाविद्यालयांची पाहणी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार हवामानबदल आणि आरोग्य हा विषय अभ्यासक्रमात असलेली महाविद्यालये जेमतेम १५ टक्के होती. आपल्याकडे त्याची निकड वेगळी सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. त्यामुळे नुसत्या तापमानाच्या आकड्यावर विसंबणे जिवावर बेतते. उष्माघातात पॅरासिटामॉल उपयोगी पडत नाही, शरीर झपाट्याने थंड करावे लागते, हे इंटर्नच्या हातात मुरलेले असायला हवे.

अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहतो आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे नवा विषय नकोच आहे. शरीराचे तापमान-नियंत्रण फिजिऑलॉजीत आहे, औषधांचे परिणाम फार्माकॉलॉजीत आहेत, पुरानंतरचा लेप्टोस्पायरोसिस आणि डेंग्यू मेडिसिन व पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात आहेत. हे धागे एका रुग्णाभोवती जोडायचे आहेत. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दत्तक घेतलेल्या कुटुंबांच्या भेटीला विद्यार्थी जातातच. तिथे घराचे छप्पर, पाणी आणि कामाची वेळ यांची नोंद घेता येईल. एकट्या रुग्णाचा आजार हवामानबदलामुळेच झाला हे सिद्ध करता येत नाही, हेही खरे. पण एखाद्याचा कर्करोग तंबाखूमुळेच झाला हे छातीठोक सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर तंबाखूबद्दल विचारायचे सोडत नाहीत. धोका ओळखण्यासाठी संपूर्ण पुराव्याची वाट पाहावी लागत नाही.

उत्सर्जन रोखणे सरकारांचे काम, डॉक्टर काय करणार, असेही म्हटले जाते. अहमदाबादचे उदाहरण याला उत्तर देते. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाल्याचे मृत्यूंच्या नोंदींवरून उघड झाले, आणि २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा लागू केला. डॉक्टरने मृत्यूच्या दाखल्यावर केवळ ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले, तर उन्हाचा बळी मोजलाच जात नाही आणि जे मोजले जात नाही त्यासाठी पैसाही मिळत नाही. हे सारे शिकवले, तरी परीक्षेत न विचारलेले विद्यार्थी मनावर घेत नाहीत. म्हणून आरोग्य विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या लाँग केसमध्ये, म्हणजे एका रुग्णाच्या सविस्तर तपासणीवरील प्रात्यक्षिक परीक्षेत, रुग्णाचे काम, घर आणि ऋतू यांवरचा प्रश्न सक्तीचा करावा. त्याला नवी इमारत लागत नाही की नवा निधी. येत्या परीक्षेपासून तो विचारता येईल.