झिरो पाहून घ्या!

पेट्रोल भरायला गेलं की पंपावरचा पोरगा न चुकता सांगतो, "साहेब, झिरो पाहून घ्या." आपणही मान वर करून शून्य बघतो, समाधानानं खिशात हात घालतो. गंमत अशी की शून्य बघून फक्त मोजणी कुठून सुरू झाली तेवढंच कळतं. पुढचा प्रत्येक लिटर खरंच लिटर आहे का, हे त्या शून्याला काय माहीत? त्यासाठी पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं 5 लिटरचं माप ठेवावं लागतं. मागितलं तर आपल्यासमोर भरून दाखवावं लागतं, आणि 5 लिटरमागे 25 मिलिलिटरच्या पलीकडे फरक चालत नाही. मी आजवर ते माप एकदाही मागितलेलं नाही. तुम्ही?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मामाचा फोन. मामा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. आधी पोरांच्या दातांवर डाग पडतात, वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं तर हाडं-सांधे धरतात. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. मामाच्या गल्लीतल्या हातपंपाचे दोन ठिकाणचे दोन रिपोर्ट आले होते. एकात 1.4, दुसऱ्यात 1.6. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरी सोयच नसेल तर जास्तीत जास्त 1.5.

"भाच्या, एक म्हनते प्या, एक म्हनते नका पिऊ. आमी का करावं? तू इंजिनियर हायेस ना?"

आता मी सॉफ्टवेअरवाला. पण इंजिनियर म्हटलं की घरच्यांच्या लेखी मिक्सर दुरुस्तीपासून फ्लोराईडपर्यंत सगळं आलंच! शेवटी कॉलेजातल्या एका मित्राला गाठलं. तो हिंगणा रोडकडे पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. शनिवारी त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, दोघांपैकी खोटं कोण?

तो म्हणाला, "खोटं कोनीच नसन बे. आधी हे पिपेट धर."

10 मिलीचं पिपेट. फर्स्ट इयरला हातात धरलं होतं, त्यानंतर आजच. त्यानं सांगितलं, यानं पाणी घे, या बाटलीत सोड, वजन कर. असं दहा वेळा. पहिली तीन वजनं आली 9.88, 9.97 आणि 9.91 ग्रॅम. मी लगेच निष्कर्ष काढला, पिपेट भंगार आहे. तो हसला. खुणेशी डोळा समोर ठेवून पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ बघायचा, मी वरून बघत होतो. शेवटचा थेंब टोकात राहतो तो तसाच राहू द्यायचा, कारण काच बनवणाऱ्यानं तो हिशोबात धरलेला असतो. टोक फक्त बाटलीच्या भिंतीला टेकवायचं. मी तो थेंब कधी झटकत होतो, कधी सोडत होतो. नीट केल्यावर वजनं एका रांगेत आली, सरासरी 9.93.

"म्हणजे तरी 70 मिलिग्रॅम कमीच ना?"

"अबे, उन्हाळ्यात पानी पसरते! खोलीत 30 अंश आहे."

पाणी 30 अंशाला असताना हवेत तोललेल्या एका ग्रॅमचं आकारमान 1.0054 मिली भरतं (हवा पाण्याला जी किंचित उचलते, तीही यात धरलेली). म्हणजे 9.93 ग्रॅमचे झाले 9.984 मिली. उत्तम दर्जाच्या 10 मिली पिपेटला 0.02 मिलीची सूट असते. पिपेट पास. नापास मी होतो!

कॅलिब्रेशन म्हणतात ते एवढंच. स्वच्छ भांडं, डिस्टिल्ड पाणी, तराजू, थर्मामीटर आणि तासभर वेळ. काचेवरची खूण हा कंपनीचा दावा असतो, तो तपासून घ्यायचा. त्या खुणेशेजारी तापमानही छापलेलं असतं. परदेशी भांड्यांवर सहसा 20 अंश, आपल्या भारतीय मानकाच्या भांड्यांवर 27. आता मे महिन्यात लाईट गेली आणि लॅब 40 अंशावर पोचली, तेव्हा 100 मिलीचा फ्लास्क खुणेपर्यंत भरला, तर 27 अंशाला परत येईपर्यंत पाणी सुमारे 0.4 मिली आकसलेलं असतं. फ्लास्कला सूट असते फक्त 0.1 मिलीची.

आणि हे झालं चांगल्या भांड्याचं. बीकरवरच्या खुणा तर निव्वळ अंदाज, 5 टक्के इकडेतिकडे सहज. समजा घाईत कुणी फ्लास्कऐवजी बीकरमध्ये प्रमाण द्रावण बनवलं आणि 100 च्या खुणेला प्रत्यक्षात 95 मिलीच होतं. द्रावण लेबलपेक्षा तीव्र झालं, त्याच्याशी ताडलेलं प्रत्येक पाणी आपोआप सौम्य दिसणार. खरं 1.55 असेल तर रिपोर्टात 1.47. हातपंप पास! इथे कुणीही लबाडी केलेली नाही हो, फक्त काच तपासलेली नाही.

आता माझं स्वतःचं पाप. फर्स्ट इयरला पाण्याचा कठीणपणा काढायचं प्रॅक्टिकल होतं. आम्ही काय केलं? सीनियरच्या जर्नलमधून उत्तर घेतलं, उलटं गणित केलं आणि तीन सारखी रीडिंग लिहिली. दहापैकी नऊ मार्क. खरी रीडिंग लिहिणाऱ्या एका मुलीला सहा, कारण तिची 'जुळत नव्हती'. त्या दिवशी आम्ही शिकलो ते हेच, की आकडा जुळला पाहिजे, खरा असला नसला तरी चालेल.

ज्या शहरात 1942 पासून लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट आहे आणि 1958 पासून नीरी आहे, त्या शहरातल्या कॉलेजात तरी हे बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पहिलं प्रॅक्टिकल टायट्रेशनचं नकोच. प्रत्येकानं आपलं पिपेट पाणी तोलून तपासावं, रीडिंग जशी येतील तशी लिहावीत, आणि मार्क द्यावेत ते किती फरक पडला आणि का पडला हे सांगण्याला. नवीन सामान काही लागत नाही. "आता सगळं ऑटोमॅटिक आहे, पिपेट कोण वापरतो?" असं म्हणाल, तर ती ऑटोमॅटिक पिपेटंही पाणी तोलूनच तपासतात.

असो. मामाच्या हातपंपाचं पाणी मित्रानं तपासलेल्या भांड्यांनी पुन्हा मोजलं. आकडा आला 1.56, आणि पुढे त्यानं लिहिलं, अधिक-उणे 0.06. मामा फोनवर म्हणाला, "एवढं मोजूनबी मागं-पुढं हायेच का?"

म्हटलं, मामा, आहे. पण किती आहे ते आता माहीत आहे, आणि उणे धरलं तरी 1.5 च्या खाली जात नाही.

गल्लीनं त्या पंपाचं पाणी पिणं सोडलंय. धुण्याभांड्याला वापरतात, पिण्याचं पाणी बायका दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून आणतात. म्हणजे आमच्या त्या दशांशाचं ओझं शेवटी त्यांच्याच डोक्यावर गेलं. त्यामुळे तो खरा असणं ही किमान अपेक्षा.

उद्या पेट्रोल भरायचंय. झिरो तर बघीनच, पण या वेळी ते 5 लिटरचं मापही मागणार आहे. पोरगा वैतागेल, पण बघू या!