‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची बत्ती गुल. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुलुंडला घरून काम करणारा अस्मादिकांचा डेस्कटॉपही. लाईट आल्यावर बघतो तर सेटिंग्जची फाईल शून्य बाईट! कोड माझाच. जुनी फाईल रिकामी करून तिच्यातच नवं लिहायचो. वर ‘सेव्ह झालं’ असा मेसेज!

सीनियर म्हणाला, "लाईट गेली, आपण काय करणार?" मंडळी, हे मला तेव्हाही पटलं नाही.

राईट केलेला डेटा आधी रॅममधल्या कॅशेत जातो. लिनक्स तो डिस्कवर सवडीने उतरवतो, अर्धं मिनिटही लावतो. उपाय जुनाच: नवी फाईल लिहा, एफसिंक करा, मग रिनेम, मग डिरेक्टरीचं एफसिंक.

लिनक्समधलं डीएम-कॅश बघा. एसएसडीवरचा कुठला ब्लॉक अजून हार्ड डिस्कवर उतरलेला नाही, ही नोंद ते नीट बंद होताना लिहितं. मशीन धाडकन बंद पडलं, तर उरलेली नोंद खरी न मानता सगळेच ब्लॉक उतरायचे आहेत असं धरतं. वेळ जातो, डेटा नाही. गॅस बंद केला का आठवत नसेल, तर आमच्या मातोश्री स्टेशनवरून परत येतात. तसंच हे!

"एफसिंकने प्रोग्राम स्लो होतो." होऊ दे की! प्रत्येक अक्षराला कोण करायला सांगतंय? पण जिथे ‘सेव्ह झालं’ म्हणता, तिथे तरी करा. नाहीतर सरळ ‘बहुतेक सेव्ह झालं’ असं लिहा. निदान खोटं तरी बोलू नका.