पाणबुडीला मेंदू, आम्हाला दोर

मुळशीचं पाणी आधी सांगतो. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध तिथं सत्याग्रह झाला, पुढे सेनापती बापट. धरण झालंच. खोऱ्यातली गावं बुडाली. भरपाई जमिनीच्या मालकाला, म्हणजे किती ठिकाणी तर पुण्याच्या सावकाराला. कसणाऱ्याला काय? आणि ज्याच्या नावावर ढेकूळ नाही त्या महारवाड्याला काय? 1927 ला घाटाखाली भिऱ्याला त्या पाण्यावर वीज सुरू झाली. त्याच 1927 ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तर आमच्या माणसांची डोकी फुटली. पाण्यातून वीज काढायची अक्कल होती, पाणी पिऊ द्यायची नव्हती.

आज त्याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. काचेच्या इमारतींत बसून मशिनला अक्कल शिकवणारी पोरं आहेत. माझं बोलणं त्यांच्याशी आहे.

नौदलांना आता बिनमाणसाची पाणबुडी हवीय. अमेरिकेची ओर्का 85 फुटांची. 2022 ला त्यांच्याच सरकारी तपासनिसांनी सांगितलं, खर्च निदान 24 कोटी डॉलरनं फुगलाय आणि तीन वर्षं उशीर झालाय. परवडत नाही म्हणून काम तिथंच थांबलं, असं झालं नाही. आपल्या डीआरडीओनं सुमारे 6 टनांचं यान केलं, 2024 ला कोचीला पाण्यावर चालवून बघितलं. याहून मोठी हवीतच.

समुद्राच्या पोटात रेडिओ नीट पोचत नाही. म्हणून कुठं वळायचं, कधी वर यायचं, हे यंत्रानंच ठरवायचं. याला म्हणतात स्वायत्त. वा रे वा! लोखंडाला स्वायत्तता. आणि मॅनहोलच्या तोंडाशी कमरेला दोर बांधून उभा असलेला माणूस? 'आज आत गॅस आहे, उतरत नाय' म्हणाला, तर मुकादम नाक्यावरून दुसरा आणतो. तोही आपलाच.

रोबोवाल्यांचे तीन शब्द आहेत: कंटाळवाणं, घाण, धोक्याचं. असलं काम माणसाला देऊ नका, मशिनला द्या. वाचून हसू आलं. या तीन शब्दांची वाटणी वर्णव्यवस्थेनं कधीच करून ठेवलीय, फक्त मशिनच्या जागी आमच्या जातींची नावं आहेत.

गटाराला यंत्र नाही म्हणता? साफ खोटं. केरळच्या पोरांनी बँडिकूट नावाचा रोबो केला, 2018 ला तिरुवनंतपुरमच्या मॅनहोलात उतरवला. कायदा 1993 चा आहे, 2013 चा आहे. सुप्रीम कोर्टानं 2014 ला मेलेल्याच्या घरच्यांना 10 लाख सांगितले, 2023 ला 30 लाख. मरणाचा भाव वाढला. मरण चालूच.

'देशाचं संरक्षण आहे, त्यात जात आणू नका.' आणतो! मी गोदीत हमाली करतो, दर्या रोज बघतो. खलाशी मरू नये हे मला शंभर टक्के पटतं. पण त्याला वाचवायला देश लोखंडात मेंदू घालतो आणि आमच्या भावाला वाचवायला साधा पंप आणत नाही, तेव्हा जात मी आणली का?

हिंजवडीत शिकून पोचलेल्या आपल्याच पोरांनो, तुमच्या सोसायटीची टाकी तुंबली की कुणाला फोन जातो ते बघा. तो शर्ट काढून वाकला की झाकणावर जाऊन उभे राहा. उतरू देऊ नका. मशिन येईपर्यंत तुंबू दे. येऊ दे घाण लिफ्टपर्यंत.